खोक्यावर न छापलेला आकडा

"अॅम्प्लिफायर 100 वॅटचा आहे, हेडफोन 32 ओहमचा. लावला तर जळेल का?" घरातल्या जुन्या स्टीरिओला पहिल्यांदाच हेडफोन लावणारा माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. उलट बाजूचा प्रश्नही तितकाच ठरलेला: "300 ओहमचा घेतला, पण फोनवर आवाजच चढत नाही, आता वेगळा अॅम्प घ्यायचा का?" दोन्ही प्रश्न ओहमभोवती फिरतात, कारण खोक्यावर तोच आकडा ठळक असतो. दुकानदारही त्याच्यावरच बोट ठेवतो. ओहम जास्त म्हणजे हेडफोन जड, कमी म्हणजे हलका, असा त्याचा हिशेब. तो अर्धाच खरा आहे.

जोडी जमते की नाही हे ठरवायला आणखी दोन आकडे लागतात. एक म्हणजे हेडफोनची संवेदनशीलता. ती माहितीपत्रकात बारीक अक्षरात का होईना, पण सापडते. दुसरा आकडा हेडफोनचा नाहीच. अॅम्प्लिफायरच्या हेडफोन सॉकेटचा स्वतःचा इम्पिडन्स किती, हा तो आकडा. खोक्यावर तो क्वचितच छापलेला असतो, माहितीपत्रकातही पुष्कळदा गाळलेला असतो, आणि एकच हेडफोन एका घरी गोड अन् दुसऱ्या घरी ढोबळ का वाजतो याचं उत्तर बऱ्याचदा त्याच्यात दडलेलं असतं.

आधी ओहमचा निकाल लावू. हेडफोनच्या आत चुंबकाच्या खाचेत बारीक तारेचं वेटोळं असतं, त्याला व्हॉइस कॉइल म्हणतात. तार जितकी बारीक आणि वेढे जितके जास्त, तितका तिचा इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या करंटला होणारा, ओहममध्ये मोजला जाणारा विरोध, जास्त. जुन्या काळी असे भरपूर वेढ्यांचे हेडफोन सोयीचे होते. बर्लिनच्या ऑयगेन बायर यांच्या कारखान्यातून 1937 साली डीटी 48 हा पहिला डायनॅमिक, म्हणजे असा व्हॉइस कॉइलवाला, हेडफोन बाहेर पडला, तो काळ व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्हच्या यंत्रांना व्होल्टेज देणं सोपं जातं, करंट देणं अवघड. पुढे 1968 साली सेनहायजरने एचडी 414 हा पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा, मोकळ्या पाठीचा हेडफोन आणला, तो तर 2000 ओहमचा होता. रेकॉर्डिंग स्टुडिओंनाही जास्त ओहम हवेच असत. एका सॉकेटवरून सहा वादकांना हेडफोन द्यायचे तर ते समांतर जोडावे लागतात आणि एकूण ओहम सहापट घसरतात. 600 ओहमचे सहा जोडले तरी 100 ओहम शिल्लक राहतात. 32 ओहमचे सहा जोडले तर उरतात जेमतेम 5, आणि तेवढ्या कमी भारावर अॅम्प्लिफायरची दमछाक होते.

मग 1979 साली सोनीचा वॉकमन आला. दोन पेन्सिल सेल, म्हणजे 3 व्होल्ट. एवढ्यावर चालणाऱ्या यंत्रातून, सगळं काही आदर्श धरलं तरी, 1 व्होल्टच्या आसपासच सिग्नल बाहेर काढता येतो. त्या 1 व्होल्टवर 300 ओहमच्या हेडफोनला सव्वातीन मिलिवॅट मिळतात आणि 32 ओहमच्या हेडफोनला 31. खिशातल्या यंत्राचे हेडफोन 16 ते 32 ओहमवर येऊन स्थिरावले ते या साध्या गणितामुळे. आवाजाच्या दर्जाशी त्याचा थेट संबंध नाही. बायरडायनॅमिकचा डीटी 880 हा एकच हेडफोन 32, 250 आणि 600 अशा तिन्ही ओहमांत विकला गेला आहे. वरून पाहिलं तर तिन्ही सारखेच. ओहम जास्त म्हणजे माल उंची, हा समज म्हणूनच सोडून द्यायला हवा.

आता संवेदनशीलता. ठरावीक वीज दिली की कानावर किती डेसिबल पडतात, एवढाच याचा अर्थ. घोळ असा की कंपन्या हा आकडा दोन पद्धतींनी देतात. काही 1 मिलिवॅटला किती डेसिबल ते सांगतात, काही 1 व्होल्टला किती ते. दोन्हीकडे नुसतं ‘डेसिबल’ लिहिलेलं वाचून लोक दोन हेडफोनांची तुलना करतात आणि फसतात. मिलिवॅटच्या आकड्यावरून व्होल्टचा आकडा काढायचा तर 32 ओहमला 15 डेसिबल मिळवायचे, 300 ओहमला 5 आणि 600 ओहमला 2. म्हणजे ‘1 मिलिवॅटला 100 डेसिबल’ असं लिहिलेला 32 ओहमचा हेडफोन 1 व्होल्टवर 115 डेसिबल देईल. सेनहायजरचा एचडी 600 घ्या. 1997 पासून बाजारात असलेला, 300 ओहमचा हा हेडफोन कंपनीच्याच आकड्यानुसार 1 व्होल्टला 97 डेसिबल देतो. खोक्यांवर 100 आणि 97 असे शेजारी-शेजारी दिसणारे आकडे एकाच व्होल्टेजवर प्रत्यक्षात 18 डेसिबलनी लांब आहेत. एकाच फोनवर एक हेडफोन किंचाळतो आणि दुसरा पुटपुटतो त्याचं कारण हे.

पण व्होल्टेज म्हणजेही सगळं नाही. हायफायमॅनचा एचई-6 हा प्लानर पद्धतीचा, म्हणजे वेटोळ्याऐवजी सपाट पडद्यावरच वाहक पट्ट्या असलेला, हेडफोन याचं नामी उदाहरण आहे. तो 50 ओहमचा, म्हणजे दुकानी हिशेबाने ‘हलका’. पण त्याची संवेदनशीलता 1 मिलिवॅटला फक्त 83.5 डेसिबल. व्होल्टमध्ये रूपांतर केलं की येतात साडेशहाण्णव, म्हणजे जवळजवळ एचडी 600 इतकेच. संगीत ऐकताना सरासरी आवाज 80 डेसिबलच्या आतच असतो, पण त्यातले क्षणिक उठाव, सम ठोकल्याचा तडाखा किंवा झांजेचा स्फोट, सरासरीच्या वीस-पंचवीस डेसिबल वर जातात. म्हणून अॅम्प्लिफायरची ताकद मोजताना 110 डेसिबलचं लक्ष्य धरलं की निश्चिंती असते. तिथपर्यंत पोचायला एचडी 600 ला साडेचार व्होल्ट आणि 15 मिलिअँपिअर लागतात. एचई-6 ला व्होल्ट तेवढेच, पावणेपाचच्या आसपास, पण करंट 95 मिलिअँपिअर. सहापटीहून जास्त. विहिरीवर मोटार बसवताना शेतकरी नुसते हॉर्सपॉवर विचारत नाही. पाणी किती फूट चढवायचं आणि किती जाड धार हवी, म्हणजे हेड किती आणि डिस्चार्ज किती, हे दोन्ही विचारतो. 300 ओहमच्या हेडफोनला हेड लागतं, कमी ओहमच्या मंद प्लानरला डिस्चार्ज. एचई-6 च्या काही मालकांनी शेवटी कंटाळून तो सरळ स्पीकरच्या टर्मिनलांना जोडला, तो काही उगाच नाही.

आता त्या न छापलेल्या आकड्याकडे येऊ. हॉलमधल्या शोकेसमध्ये बसलेला, दोन्ही स्पीकरांना पोसणारा इंटिग्रेटेड अॅम्प्लिफायर घ्या. त्याच्या दर्शनी पट्टीवर खालच्या कोपऱ्यात हेडफोनचं जाड सॉकेट असतं, 6.35 मिलिमीटरचं. ही जाडी टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या फळ्यांवरून आलेली. या सॉकेटच्या मागे वेगळा हेडफोन अॅम्प्लिफायर बसवलेला असेल असं आपण धरून चालतो. पुष्कळ यंत्रांत, विशेषतः जुन्या, तसं काही नसतं. स्पीकरकडे जाणारीच वाट तिथे वळवलेली असते आणि मध्ये प्रत्येक बाजूला एक-एक रेझिस्टर बसवलेला असतो. कुठे 220 ओहम, कुठे 330, कुठे 470.

ही कंजुषी वाटेल, पण त्यामागे विचार आहे. 100 वॅटचा अॅम्प्लिफायर 8 ओहमच्या स्पीकरला पूर्ण जोराने 28 व्होल्ट देतो. आपण घरात ऐकतो ते साधारण 1 वॅटवर, म्हणजे पावणेतीन व्होल्टवर. तेवढेच पावणेतीन व्होल्ट मघाच्या 100 डेसिबलवाल्या 32 ओहमच्या हेडफोनला थेट दिले तर त्याच्यात 240 मिलिवॅट शिरतील आणि कानावर 124 डेसिबलच्या घरातला आवाज पडेल. विमानाचं इंजिन परवडलं. मध्ये 330 ओहमचा रेझिस्टर घातला की त्याच नॉबवर हेडफोनला 2 मिलिवॅट मिळतात, आवाज 103 डेसिबलवर येतो. तोही जास्तच, पण नॉब थोडा मागे घेतला की काम भागतं. शिवाय अॅम्प पूर्ण जोराने चालवला तरी 32 ओहमच्या हेडफोनला 200 मिलिवॅटपेक्षा कमी आणि 300 ओहमच्या हेडफोनला 600 मिलिवॅट जातात. म्हणजे एक रुपयाच्या रेझिस्टरमध्ये कमी ओहमवाल्याला सांभाळलं आणि जास्त ओहमवाल्याला हात सैल सोडला. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बेतात ऐकलंत तर जळणार नाही. मग अडचण कुठे येते? अडचण येते सुरांच्या तोलात.

हेडफोनचे ओहम म्हणून आपण जो एक आकडा सांगतो तो सोयीपुरता असतो. डायनॅमिक हेडफोनचा इम्पिडन्स सुराच्या उंचीबरोबर बदलत जातो. पडद्याची स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. त्या सुराला पडदा जोराने हलतो, कॉइलमध्ये उलटं व्होल्टेज निर्माण करतो आणि तेवढ्यापुरता इम्पिडन्स वर चढतो. एचडी 600 चा नाममात्र इम्पिडन्स 300 ओहम असला तरी 100 हर्ट्‌झच्या अलीकडे-पलीकडे तो 500 च्या वर जातो. हेडफोन थेट व्होल्टेजवर असेल तर याने काही बिघडत नाही. पण वाटेत रेझिस्टर असला की रेझिस्टर आणि हेडफोन आपापल्या ओहमच्या प्रमाणात व्होल्टेज वाटून घेतात. जिथे हेडफोनचे ओहम चढतात तिथे त्याचा वाटा वाढतो, आणि तेवढाच पट्टा जोरात वाजतो.

330 ओहमच्या सॉकेटवर एचडी 600 मध्ये हा फुगवटा साधारण 2 डेसिबलचा येतो. हा पट्टा नेमका डग्ग्याच्या घुमाऱ्याचा. विलंबित ख्यालाची ध्वनिमुद्रिका लावा आणि मनगट दाबत नेलेल्या ‘घे’कडे कान द्या. चांगल्या जोडीत तो बोल उमटतो, वर सरकतो आणि संपतो. त्याच्या अंगावरून तानपुऱ्याचा षड्ज तसाच चालू राहिलेला ऐकू येतो. 2 डेसिबलच्या फुगवट्याने ठेका थोडा भारदस्त होतो, गायकाचा खर्जही जरा रुंद वाटतो. बऱ्याच जणांना हे आवडतं, मलाही वाईट वाटत नाही. पण याच सॉकेटवर 32 ओहमचा असा हेडफोन लावला, ज्याचा इम्पिडन्स त्या पट्ट्यात 64 पर्यंत जातो, तर फुगवटा 5 डेसिबलच्या वर जातो. मग डग्गा संपतच नाही. तबल्याचा माइक कुणीतरी मुद्दाम वाढवून ठेवला आहे असं वाटत राहतं आणि मंद्र सप्तकातलं सगळं गाणं त्या गुबगुबीत आवाजाखाली दबतं. तोच हेडफोन 1 ओहमच्या सॉकेटवर लावला की फरक उरतो 0.13 डेसिबल, म्हणजे शून्यच धरा.

याचा अर्थ जुनं सॉकेट टाकाऊ असा नाही. 250, 300, 600 ओहमच्या हेडफोनांना ते बऱ्यापैकी मानवतं. प्लानर हेडफोनला तर त्या रेझिस्टरने सुरांत काहीच फरक पडत नाही, कारण प्लानरचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना जवळपास सपाट असतो. फक्त आवाज कमी होतो. बिनसतं ते 16 ते 40 ओहमच्या डायनॅमिक हेडफोनांशी, आणि त्याहून जास्त कानात घालायच्या इअरफोनांशी.

या इअरफोनांतला एक वर्ग ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ पद्धतीचा असतो. कंठस्वरांसाठी एक चिमुकला ड्रायव्हर, तार सप्तकासाठी दुसरा, कधी तिसरा-चौथा, आणि त्यांच्यात काम वाटून देणारा क्रॉसओव्हर. असल्या इअरफोनचा इम्पिडन्स जिन्यासारखा चढतो-उतरतो. खालच्या सुरांना 40 ओहम आणि वरच्या सुरांना 8, असंही असू शकतं. तो 10 ओहमच्या सॉकेटला लावला तर वरचे सूर खालच्यांच्या मानाने 5 डेसिबलनी बसतात. जवारीची झिलई जाते, सतारीच्या मिजराबीचा टोकदारपणा जातो, बोलण्यातला ‘स’ विझल्यासारखा होतो. मालक म्हणतो, इअरफोन घुमतो. इअरफोन निर्दोष असतो. 330 ओहमच्या सॉकेटला असा इअरफोन लावण्याचा विचारही करू नये.

मग सॉकेटचा इम्पिडन्स किती असावा? हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी, असा एक व्यवहारी नियम रूढ आहे. त्यामागचं गणित पाहण्यासारखं आहे: सॉकेट आठवा हिस्सा असेल तर हेडफोनचा इम्पिडन्स वर कितीही चढला तरी फुगवटा 1 डेसिबलच्या पलीकडे जाऊच शकत नाही. 32 ओहमला 4 चं सॉकेट, 300 ला साडेसदतीसचं. जिन्यासारख्या इअरफोनांसाठी मात्र नाममात्र ओहम न धरता सर्वांत खालची पायरी धरायची. 8 ओहम असेल तर सॉकेट 1 ओहमचंच हवं. गंमत म्हणजे 1996 च्या आयईसी 61938 या आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोनसाठी 120 ओहमच्या सॉकेटची शिफारस होती. काहींनी ती पाळली, बहुतेकांनी पाळली नाही, आणि आज बाजारात अर्ध्या ओहमपासून चार-पाचशे ओहमपर्यंत सगळा माल एकत्र नांदतो आहे.

हा आठव्या हिश्शाचा नियम सामान्य ऐकणाऱ्यापर्यंत पोचवला तो ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने. 2011 साली त्याने ओ2 नावाचा हेडफोन अॅम्प्लिफायर तयार केला आणि त्याचा आराखडा सगळ्यांसाठी मोकळा करून टाकला. सॉकेटचा इम्पिडन्स अर्ध्या ओहमच्या आसपास, सुटे भाग बाजारात मिळणारे, किंमत महागड्या अॅम्प्लिफायरांच्या मानाने अगदी किरकोळ. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांची मोजमापं तो बेधडक प्रसिद्ध करत असे. 2012 मध्ये तो अचानक गप्प झाला. तो कोण, हे जगाला आजही ठाऊक नाही. पण स्वस्त यंत्रालाही 1 ओहमचं सॉकेट सहज देता येतं, हे त्याने दाखवून दिलं, आणि आजचे हजार-दोन हजारांचे यूएसबी डॅकही, म्हणजे फोन-लॅपटॉपला लावायचे छोटे हेडफोन अडॅप्टरही, बहुधा त्या परीक्षेत उत्तीर्ण होतात.

आपल्या घरच्या सॉकेटचा आकडा आपणच काढू शकतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत 33 ओहमचा एक रेझिस्टर आणि सॉकेटमध्ये बसेल असा सुटा जॅक घ्या. मीटरबद्दल मात्र सावध. सर्वांत स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरवर एसीची लहानात लहान रेंज 200 व्होल्टची असते; त्यावर हे मोजमाप होणार नाही. 2 व्होल्टची एसी रेंज असलेला किंवा रेंज आपोआप बदलणारा मीटर हवा. स्पीकर बंद करा, फोनवरच्या एखाद्या टोन जनरेटरमधून 100 हर्ट्‌झचा सलग सूर अॅम्प्लिफायरला द्या. जॅकच्या टोकाच्या आणि मुळाच्या टर्मिनलांमध्ये मीटर लावून नॉब हळूहळू फिरवा, 1.00 व्होल्ट दिसले की थांबा. आता नॉबला हात न लावता त्याच दोन टर्मिनलांमध्ये 33 ओहमचा रेझिस्टर जोडा आणि पुन्हा वाचा. पहिल्या वाचनाला दुसऱ्याने भागा, उत्तरातून 1 वजा करा, 33 ने गुणा. रेझिस्टर जोडल्यावर 0.97 व्होल्ट दिसले तर सॉकेट 1 ओहमचं, काहीही लावा. 0.09 दिसले तर आत 330 चा रेझिस्टर बसलाय, हे झाकण न उघडता कळलं. हे सगळं करताना हेडफोन जोडलेला नको, कानावर तर मुळीच नको.

जास्त ताकद घेतली की प्रश्न संपतो असंही नाही. काही इअरफोन इतके संवेदनशील असतात की 1 मिलिवॅटला 120 डेसिबल देतात. 16 ओहम धरले तर 1 व्होल्टला 138. त्यांना 80 डेसिबलवर ऐकायला सव्वा मिलिव्होल्ट पुरतो. दणकट अॅम्प्लिफायरवर एवढ्यासाठी नॉब जेमतेम हलवावा लागतो, आणि नॉबच्या त्या सुरुवातीच्या टोकाला साध्या पोटेन्शिओमीटरचे डावा-उजवा भाग एकमेकांशी जुळत नाहीत. गाणं डाव्या कानात जास्त, उजव्यात कमी. त्यात अॅम्प्लिफायरची स्वतःची खरखर. 30 मायक्रोव्होल्टची खरखर एचडी 600 वर साडेसहा डेसिबलची होते, म्हणजे कानाला पत्ताही लागत नाही. त्याच खरखरीचे या इअरफोनवर साडेसत्तेचाळीस डेसिबल होतात; रात्री खोली शांत असेल तर आलापाच्या प्रत्येक विरामात ती ऐकू येते. अॅम्प्लिफायरवर गेनचा खटका असेल तर इअरफोनसाठी तो ‘लो’वर ठेवायचा. नसेल तर असल्या इअरफोनला फोनचा छोटा अडॅप्टरच बरा. मध्ये नुसता रेझिस्टर घातलेली ‘खरखर कमी करणारी’ वायर मिळते, तिने खरखर जाते खरी, पण मगाशी पाहिलेला सुरांचा तोल तीच बिघडवते.

दोन गोष्टी ओझरत्या सांगून टाकतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरांचा इम्पिडन्स बराच, शंभरच्या घरातही असतो. त्यांना 300 किंवा 600 ओहमचाच हेडफोन द्यावा, आणि तो दिला तर ती जोडी फार छान जमते. दुसरी गोष्ट ‘बॅलन्स्ड’ आउटपुटची, म्हणजे 4.4 मिलिमीटरच्या किंवा चार पिनांच्या सॉकेटची. त्याने व्होल्टेज दुप्पट मिळतं, पण सॉकेटचा इम्पिडन्सही दुप्पट होतो, हे विकणारा सांगत नाही. अशा सॉकेटच्या दोन्ही उणे तारा एकत्र करणारा अडॅप्टर कधीही लावू नये, अॅम्प्लिफायर जाईल. स्पीकरच्या टर्मिनलांना तीन तारांचा हेडफोन जोडण्यातही हाच धोका आहे, कारण अनेक नव्या अॅम्प्लिफायरांत उणे टर्मिनल जमिनीला जोडलेलं नसतंच.

राहिला दुसरा प्रश्न: वेगळा अॅम्प घ्यायचा का? माझं मत विचाराल तर, घाईने घेऊ नका. गणित आधी करा. फोनचा छोटा यूएसबी-सी अडॅप्टर साधारण अर्धा ते 1 व्होल्ट देतो. 1 व्होल्टवर एचडी 600 चे उठाव 97 डेसिबलपर्यंत जातात. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला ते पुरतात, ऑर्केस्ट्रा ऐकणाऱ्याला नाहीत. अॅपलने 2021 पासूनच्या मॅकबुक प्रोमध्ये सॉकेटच असं दिलं आहे की ते हेडफोनचे ओहम ओळखतं आणि 150 च्या आत असतील तर सव्वा व्होल्टपर्यंत, त्यावर असतील तर 3 व्होल्टपर्यंत देतं. 3 व्होल्टवर एचडी 600 शंभरच्या पुढे, 106 डेसिबलवर जातो. ज्याच्याकडे असा लॅपटॉप आहे त्याने त्या हेडफोनसाठी वेगळ्या यंत्रावर पैसे घालणं म्हणजे निव्वळ हौस. ती करायलाही हरकत नाही, फक्त ती हौस आहे हे ठाऊक असावं. खरी गरज दोघांना असते: एचई-6 सारखा करंटखाऊ प्लानर बाळगणाऱ्याला आणि जुन्या स्टीरिओच्या 330 ओहमच्या सॉकेटवर 32 ओहमचा हेडफोन ऐकणाऱ्याला. दुसऱ्याला तर महाग काही नकोच. स्टीरिओच्या मागच्या ‘रेकॉर्ड आउट’ किंवा ‘टेप आउट’मधून वायर काढून 1 ओहमच्या लहानशा हेडफोन अॅम्प्लिफायरला दिली की डग्गा जागेवर येतो.

आणि जोडी जमली की एक धोका वाढतो. विकृती नसलेला, तोल न बिघडलेला आवाज मोठा असूनही मोठा वाटत नाही, म्हणून हात नॉबकडे जात राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाने 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तास ऐकलं तर चालतं, आणि दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 90 डेसिबलला आठवड्याचे 4 तासच उरतात. कानातल्या केशपेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. तेव्हा नवा हेडफोन नव्या सॉकेटला लावताना आधी नॉब शून्यावर आणा, मग जॅक घाला, आणि सूर चालू झाल्यावरच हेडफोन कानावर चढवून नॉब हळूहळू वाढवा.